बिनचेहऱ्याच्या टोळीतला माझा भाऊ

मी एक टोळी उभी केली होती. अख्खं शहर तिच्या मुठीत होतं आणि पोलीस तिच्या दारात उभे राहत. टोळीत तेरा माणसं होती, एक म्होरक्या आणि बारा हस्तक. त्या बारांपैकी एकाचा आवाज मी भर रंगमंचावर काढून घेतला. तो माणूस माझा सख्खा थोरला भाऊ होता. हे मी आजवर दोघांनाच सांगितलं आहे, आधी बायकोला आणि चार वर्षांनी त्याला स्वतःला.

मी वडशाला एका प्रेसमध्ये काम करतो. आमच्याकडे नाटक कंपनीला प्रेस म्हणतात, कारण पूर्वी जो छापखानेवाला नाटकाची पत्रकं छापायचा, तोच नटनट्याही जमवून द्यायचा. बहुतेकांचे छापखाने गेले, नाव राहिलं; आमचा अजून चालतो. प्रयोग नसला की मी तिथे लग्नपत्रिका जुळवतो. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की कंपनीबरोबर गावोगाव जातो, विंगेत वही घेऊन बसतो आणि नटांना पुढचं वाक्य सांगतो. मधल्या वेळात नाटकं लिहितो. आतापर्यंत सात-आठ झाली. बहुतेकांत एक चांगली सून असते, एक वाईट जाऊ असते आणि तिसऱ्या अंकात कोणीतरी मरतं.

टोळीचं नाटक मला माजरीत सुचलं. तिथे माझा साळा कोळशाच्या खाणीत आहे. एकदा त्याच्याकडे गेलो, तर त्याच्या बायकोने मला त्याला आणायला फाटकापर्यंत पाठवलं. पाळी सुटली आणि शे-दीडशे माणसं बाहेर आली. सगळ्यांच्या तोंडावर कोळशाची काळी धूळ आणि डोक्यावर सारखीच टोपी. मी साळ्याला शोधत उभा, आणि तो माझ्या अगदी समोर उभा राहून हसत होता. दात दिसले तेव्हा ओळखलं. परतताना बसमध्ये मी विचार करत होतो, एखाद्याने एखाद्या शहरातल्या सगळ्यांचे चेहरेच काढून घेतले तर?

तेच शहर मी लिहिलं. पुढच्या काळातलं. इमारती इतक्या उंच की खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही, तिथे रात्रंदिवस निळे-गुलाबी दिवे. प्रत्येक दारावर एक यंत्र, ते चेहरा बघून दार उघडतं. घराचं दार, दवाखान्याचं दार, धान्याच्या दुकानाचं दार. त्या यंत्रांची किल्ली एका टोळीने पळवली आहे. टोळीला खंडणी द्या, तर तुमचा चेहरा चालू. नाही दिली, तर तो पुसला जातो. मग तुम्ही स्वतःच्या घरासमोर उभे आणि यंत्र म्हणतं, आपली ओळख पटत नाही. टोळीतल्या माणसांना मात्र चेहराच नाही. ते कायम हेल्मेट घालून.

हेल्मेटची कल्पना भविष्यातली नव्हती, सोयीची होती. आमच्या भागात अजून रीत आहे की नाटक बोलावणाऱ्या गावातल्या दोन-चार हौशी लोकांना भाड्याच्या नटांबरोबर काम द्यायचं. पूर्वी अर्धं नाटक गावच करायचं. आता तालमीला वेळ कोणाकडे आहे? म्हणून मी बारा हस्तक असे लिहिले की ज्यांना चालायचं, थांबायचं आणि बोट दाखवायचं एवढंच काम. चंदेरी रंग मारलेली बारा हेल्मेटं गाडीत असत. प्रत्येक गावात नवी बारा माणसं त्यात शिरत. माझी टोळी रोज नव्याने भरती व्हायची.

प्रेसच्या मालकाने वही वाचली आणि विचारलं, यात आई कुठे आहे. मी सांगितलं, दुसऱ्या अंकात एका म्हातारीचा चेहरा पुसतात. त्यांनी लगेच नाव ठरवलं, ‘आई, तुझा चेहरा पुसला गं’. नावात आई नसेल तर कोणतं मंडळ बोलावणार, असं त्यांचं म्हणणं, आणि ते चुकीचं नव्हतं. पडदा रंगवणाऱ्याला मी शहर समजावून सांगितलं. त्याने आयुष्यभर राजवाडे आणि जंगल रंगवलेलं. त्याने इमारती उत्तम काढल्या, पण दोन इमारतींच्या मधून एक नदी सोडली आणि काठावर ताडाची झाडं उभी केली. शहर फार ओकंबोकं दिसत होतं म्हणाला.

नाटक चाललं. मला वाटलं होतं, गावच्या लोकांना यंत्राचं दार कळणार नाही. पण पहिल्याच प्रयोगात ‘आपली ओळख पटत नाही’ असा आवाज आला आणि बायकांच्या बाजूने कोणीतरी म्हणालं, आमच्या राशनच्या दुकानात बी असंच म्हणते. धान रोवून रोवून ज्यांच्या अंगठ्यावरच्या रेषा गेल्या, त्या सगळ्यांना माझं शहर पाठ होतं. यंत्राचा आवाज मीच देत असे. त्यासाठी विंगेत माझ्याजवळ एक माईक असायचा. तो माईक लक्षात ठेवा, कारण पाप त्याच्यावरच झालं.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी म्होरक्या म्हातारीचा चेहरा पुसायचा हुकूम देतो. तेव्हा बारांतला एक हस्तक पुढे येतो आणि म्हणतो, “थांबा. हिला मी ओळखतो. ही माझ्या गावची आहे.” हस्तकांना अख्ख्या नाटकात एवढंच वाक्य. ते मंडळातल्या एखाद्या चुणचुणीत शिक्षकाला किंवा ग्रामपंचायतीच्या सदस्याला मिळायचं.

त्याच हंगामात आमच्या गावाने मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, आमचं नाटक ठरवलं. माझं गाव वडशापासून तासाभरावर आहे. दादा तिथे शेती करतो. माझ्या वाटणीचीही तोच करतो. दरवर्षी गावात नाटक असलं की स्टेजच्या लाकडी बल्ल्या तोच पुरतो, लोकांना बसायला उतरती जमीन खोदून देतो, आणि नाटक सुरू झालं की मागच्या खांबाला टेकून बघतो. तीस वर्षांत त्याने कधी काम मागितलं नव्हतं. त्या वेळी मी तारीख पक्की करायला गेलो, तर तो मला बैलांच्या गोठ्याकडे घेऊन गेला आणि खाली बघत म्हणाला, “ते एक वाक्य आहे म्हणते टोळीतल्या मानसाले. ते मले दे ना गा.”

मी हो म्हटलं. खरंच आनंदाने म्हटलं.

आठ दिवसांनी पुन्हा गेलो तर वहिनी वैतागली होती. म्हणाली, भावजी, तुमच्या दादानं नांगर धरला का बैलायले म्हंते, थांबा. बैल थांबते. मंग त्यायले सांगते, हिले मी ओळखतो. अर्धं वावर झालं नाई सकाळपासून. दादा पडवीत बसून हसत होता. मी म्हटलं, म्हणून दाखव. तो उभा राहिला, हात अंगाला चिकटवले आणि म्हणाला, “थांबा. हिले मी ओळखतो. हे माह्या गावची आहे.”

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, म्हणजे माझी चूक नीट कळेल. आमच्या नाटकांत नायक आणि खलनायक पुस्तकी मराठी बोलतात. झाडी, म्हणजे आमच्या भागाची घरची बोली, बोलतो तो फक्त विनोदी नट. तो ‘मले’ म्हणाला की लोक हसायला सुरुवात करतात, पुढचं वाक्य येण्याआधीच. पिढ्यान् पिढ्या असंच चालत आलं आहे आणि मीही सात नाटकांत तेच केलं. आता चंदेरी हेल्मेट घातलेला, शहराला कापरं भरवणारा गुंड झाडी बोलला असता तर दुसरा अंक तिथेच पडला असता. मी दादाला दोन-तीनदा पुस्तकी म्हणून दाखवलं. त्याने माझ्यामागून अगदी बरोबर म्हटलं. मग एकट्याने म्हटलं की पुन्हा आपलं घरचं. मी म्हटलं, छान आहे, असंच म्हण.

वडशाला परतताना मी ठरवून टाकलं होतं.

प्रयोगाच्या दिवशी मंडई भरली होती. आमचं सगळं घर, बहिणी, जावई, पाव्हणे समोर बसले होते. प्रेसचे मालकही आले होते, आणि मला त्यांच्यासमोर माझ्या गावात हसं नको होतं. हे खरं कारण. नाटकासाठी केलं असं मी स्वतःला चार वर्षं सांगितलं, पण मला लाज वाटली होती, एवढंच ते होतं. दुसऱ्या अंकाचा शेवट आला. दादा रांगेतून पुढे आला. हेल्मेटची काच बंद होती. तो म्हातारीजवळ पोचला आणि थांबला. मी त्याला श्वास घ्यायलाही वेळ दिला नाही. माईक तोंडाजवळ घेतला, आवाज जाड केला आणि म्हणालो, “थांबा. हिला मी ओळखतो. ही माझ्या गावची आहे.”

शिट्ट्या पडल्या. टाळ्या थांबेनात, कारण हेल्मेटात कोण आहे हे सगळ्या गावाला माहीत होतं. कर्ण्यातून आलेला आवाज माणसाचा की विंगेतला, हे कोणाला कळतं? दादा तसाच उभा होता. मग वळून रांगेत गेला.

सकाळी तो बल्ल्या काढत होता. मी गाडीत बसून निघून गेलो. भेटलो नाही.

त्यानंतर गावात त्याला मान मिळाला. चहाच्या टपरीवर लोक त्याला बसवून घ्यायचे आणि म्हणायचे, का भाऊ, आमाले ओळखता का नाई. पाव्हणे आले की वहिनी सांगायची, असा शुद्ध बोलला की मलेच समजलं नाई. हे सगळं मला बहिणीकडून कळायचं. मी गावी जाणं टाळू लागलो. पोळ्याला काम निघायचं, दिवाळीला हंगामाची तयारी असायची. दादा नवीन तांदूळ बसने पाठवायचा. पोतं घरी आलं की बायको माझ्याकडे बघायची, कारण तिला एव्हाना सगळं ठाऊक होतं. मला तो भात गोड लागायचा, हेही कबूल करतो. दादाचा राग नव्हता ना, मग गोड लागणारच. मला वाटायचं, हेल्मेटाच्या आत तो ते वाक्य बोलला असेल. काचेवर वाफ धरली असेल. स्वतःच्या तोंडातून निघालेलं वाक्य बाहेर दुसऱ्याच्या आवाजात गेलेलं त्याने ऐकलं असेल. आणि तरी तांदूळ पाठवतो.

मागच्या हिवाळ्यात आमच्या गावच्या मंडळाचे अध्यक्ष प्रेसमध्ये आले. तेच नाटक पाहिजे म्हणाले. एक अट होती. हेल्मेटांमुळे आपली माणसं दिसत नाहीत अशी सगळ्या गावची तक्रार आहे, तेव्हा या वेळी टोळीने डोकं उघडं ठेवावं. आणि ते वाक्य दादाच म्हणेल, त्याच आवाजात. मालक हो म्हणून मोकळे झाले. मी त्या दिवशी पत्रिकेत वराच्या जागी वधूचं नाव जुळवलं.

आता लपायला हेल्मेट नव्हतं. दादा उघड्या तोंडाने उभा राहणार, गाव त्या जुन्या आवाजाची वाट बघणार, आणि येईल तो दादाचा खरा आवाज. चार वर्षांची इज्जत एका वाक्यात जाणार होती, आणि घालवणारा मी. त्याला आधी सांगणं भाग होतं. प्रयोगाच्या आदल्या दिवशी दुपारी गावी गेलो. तो खळ्यावर एकटाच धान उपणत होता. मी सूप हातात घेतलं, थोडा वेळ भरून दिलं, आणि मग सगळं सांगितलं. माईक, जाड आवाज, सगळं.

दादाने उपणणं थांबवलं.

“म्हंजे ते तू बोलला होता?”

“हो.”

“मंग मी का बोललो?”

आमच्याकडे ‘का’ म्हणजे ‘काय’, तरी मला प्रश्न कळला नाही. तो खाली बसला आणि हसायलाच लागला, डोळ्यात कोंडा गेल्यासारखं पाणी येईपर्यंत. मग म्हणाला, “मी त बोललोच नाई गा. पुढं गेलो अन् सारं इसरलो. तोंडच उघडलं नाई. मले वाटलं कंपनीवाल्यायनं कोन्या नटाकून बोलून घेतलं. चार वर्सं मी दुसऱ्याच्या आवाजाचा चहा पेऊन राह्यलो, अन् तुले सांगाले लाज वाटे.”

मीही हसलो. किती हलकं वाटलं, काय सांगू. सुटलो, असंच वाटलं. दादा विसरला आणि मी सांभाळून घेतलं, अशी गोष्ट आता सगळ्यांना सांगता आली असती. दादाही तेच म्हणाला, बरं झालं तू होता म्हणून. इथे गप्प बसलो असतो तर ही दुसरी चोरी झाली असती. मी म्हटलं, दादा, मी तुला सांभाळून नाही घेतलं. तू विसरशील हे मला माहीत नव्हतं. मी आठ दिवस आधीच ठरवलं होतं. तू आपल्या बोलीत बोलशील, लोक हसतील, म्हणून.

त्याचं हसू थांबलं. म्हणाला, “म्हंजे मले आठवलं असतं, तरी तू बोलू देल्लं नसतं.”

“नसतं,” मी म्हटलं.

तो उठला आणि पुन्हा उपणायला लागला. वारा चांगला होता. मी सूप भरून देत राहिलो, तो घेत राहिला. अर्धा ढीग उपणून झाला. मला वाटलं, आता हे असंच राहणार आमच्यात. मग त्याने माझ्याकडे न बघताच विचारलं, ते शहर कुठं आहे. मी म्हटलं, कुठे नाही, पुढच्या काळातलं आहे, मनातलं. तो म्हणाला, असलं तरी तिथं आपल्या इकडचं कोनी नाई, असं कसं? माजरीत आपले लोक, नागपुरात आपले, मिरच्या तोडाले तेलंगणात आपले. येवढं मोठं शहर, येवढी मोठी टोळी, अन् तिच्यात झाडीतला एक मानूस नाई? “अन् तो मानूस म्हंते, हे माह्या गावची आहे. मंग तिच्या गावचं बोलनार नाई त कोन्या गावचं बोलनार?”

दोनशे प्रयोगांची वही माझ्या पिशवीत होती आणि हे मला सुचलं नव्हतं.

मी विचारलं, लोक हसले तर? तो म्हणाला, हसतीन. बैल बी पयल्यांदा आयकत नाई.

त्या संध्याकाळी वहिनीने आम्हा दोघांना एकाच वेळी जेवायला वाढलं. तिला दादानेच सगळं सांगून टाकलं होतं. ती म्हणाली, भावजी, मी उगाच चार वर्सं ह्यायची तारीफ केली, आता वापस घेतो. दादा म्हणाला, उद्यापर्यंत थांब.

दुसऱ्या दिवशी टोळी उघड्या डोक्याने आली. गावातले बारा चेहरे, प्रत्येकाला समोरून हाका. म्होरक्याचं काम करणारा आमचा नट जुना आहे, त्याने कसंबसं गांभीर्य टिकवलं. हुकूम झाला. दादा पुढे आला. मी माईकची तार काढून ठेवली होती आणि वही मिटली होती, पण ओठ माझेच हलत होते.

“थांबा,” दादा म्हणाला. “हिले मी ओळखतो.”

लोक हसले. माझा अंदाज बरोबर होता. मागपर्यंत हसले. दादा हलला नाही. हात अंगाला चिकटवून तो उभा राहिला, बैल वळायची वाट बघतो तसा. हसू ओसरलं, पुन्हा थोडं आलं, पुन्हा गेलं. मग तो म्हातारीकडे बघून, स्टेजवर नाही, घरात बोलतो तसं म्हणाला, “हे माह्या गावची आहे. इचं तोंड तुमच्या मशीनले नाई समजत, मले समजते. इच्या घरचा मी भात खाल्लो आहे.”

शेवटची दोन वाक्यं वहीत नव्हती. म्होरक्या माझ्याकडे बघत होता, पुढे काय म्हणून. मी वही मिटलेलीच ठेवली. समोर शांत झालं होतं. बायकांच्या बाजूने एक आवाज आला, अगदी साधा, दारात उभं राहून शेजारणीला सांगावं तसा, “ओळखते वो तो तिले.” म्हातारीचं काम करणारी नटी वीस वर्षं रडायचं काम करते आहे. ती त्या दिवशी रडायचं विसरली आणि तिने नुसता दादाचा हात धरला. पडदा पाडणाऱ्याला मला खूण करावी लागली.

नंतर म्होरक्याने माझ्याशी भांडण काढलं. तुझा भाऊ दोन वाक्यं जास्त बोलला, माझं उत्तर कुठे आहे. मी म्हटलं, लिहून देतो. तीन दिवस प्रयत्न केला. त्या वाक्यांना म्होरक्याकडे उत्तर नाही असं लक्षात आलं, म्हणून आता तो तिथे गप्प बसतो. नाटक त्यामुळे बरं झालं आहे.

दादा बाकीच्या गावांना काही येत नाही, त्याला शेती आहे. पण हेल्मेटं आम्ही गाडीतून काढून टाकली. आता प्रत्येक गावचा माणूस ते वाक्य त्याच्या घरात बोलतात तसं बोलतो. सिरोंचाकडे गेलो तर अर्धं तेलुगूत होतं. गेल्या महिन्यात हेमलकशाच्या वाटेवरच्या एका गावात प्रयोग झाला. तिथे मंडळाने एक मध्यमवयीन माणूस दिला, डिंक आणि मोह गोळा करणारा. तो पुढे आला आणि सगळं गोंडीत बोलला, चांगलं पाच-सहा वाक्यं. मला त्यातलं काही कळलं नाही. समोरच्या लोकांना कळलं. मधे ते एकदा हसले आणि मग गप्प झाले. मी विंगेत वही मांडीवर ठेवून बसलो होतो. घरी आल्यावर दादाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, का बोलला ते इचारून घ्याचं होतं ना गा.

पुढच्या आठवड्यात तिकडे जाणं आहे. विचारून घेणार आहे.